चार नंबरचा चिखल

पट्टी टायरच्या खाचेत टेकवताना मला मनापासून वाटत होतं, की आकडा कमी यावा.

पुढचं डावं चाक जॅकवर उचललेलं होतं. मी उकिडवी बसले होते. डॉक्टरांनी नेमकं तेच करू नका म्हणून बजावलं होतं. माझी धाकटी बहीण माझ्या मागे उभी राहून मी सांगेन ते आकडे कागदावर उतरवून घेत होती. बाहेरची कड सहा मिलिमीटर. मधली खाच सहा. आतली कड सहा. मी पुन्हा पट्टी लावली.

"सहा लिहिलंय, ताई," ती म्हणाली.

मी चाक हाताने अर्धं फिरवलं आणि दुसऱ्या जागी मोजलं. सहा, सहा, साडेसहा. बाकीच्या चाकांवरही तेच. मागच्या उजव्या टायरला बाजूला चीर पडली होती, म्हणून तो काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याचीही नक्षी सगळीकडे सारखीच उरली होती.

टायर कसा घासला आहे त्यावरून चालवणारा कसा आहे ते कळतं. हवा जास्त ठेवली तर मधला पट्टा आधी जातो, कमी ठेवली तर दोन्ही कडा. उतारावर ब्रेक दाबून घसरत येणाऱ्याचा टायर जागोजागी चपटा होतो. वळणं घाईने घेणाऱ्याची बाहेरची कड जाते. माझ्या सोळा वर्षांत पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड दर खेपेला गोटा झाली. या डोंगरावर टायर असेच जातात, असं मी साहेबांना सांगत असे. ते मानत. मीही मानत असे. आता त्याच डोंगरावर बावीस महिने फिरलेले चार टायर माझ्यासमोर होते आणि ते तसे गेले नव्हते.

मिस्त्री पाना पुसत म्हणाला, "ताई, तुमच्या वेळी खेचर महिन्यातून एकदा तरी माझ्याकडे मुक्कामाला असायचं. आता बोलवावं लागतं."

तो वाईट हेतूने बोलला नव्हता. म्हणून त्याला काही सुनावताही आलं नाही.

खेचर म्हणजे आमची डोंगरावर जायची गाडी. पुढे दोन माणसांची जागा, मागे सामानाचा उघडा हौदा, चारही चाकांना इंजिनाची ताकद. आमच्या केंद्राची भूकंप नोंदवणारी सात यंत्रं डोंगरावर सात दगडी केबिनींत बसवलेली आहेत. दर मंगळवारी कुणीतरी वर जाऊन त्यांच्या बॅटऱ्या बदलायच्या, नोंदी उतरवून आणायच्या, यंत्र पातळीत आहे की नाही ते पाहायचं. सोळा वर्षं ते कुणीतरी म्हणजे मी होते. मग कंबरेतला एक मणका सरकला आणि मला खाली भांडारात बसवलं. माझ्या जागेवर कोण, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी धाकट्या बहिणीचं नाव सुचवलं. ती एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासत होती. केवढं मोठं मन, असं सगळे म्हणाले. खरं सांगायचं तर ती वर्षभरही टिकणार नाही याची मला खात्री होती. ती गेल्यावर लोकांना माझी आठवण आली असती.

लहानपणी माझं उतरलेलं सगळं तिला जायचं. फ्रॉक, कंपासपेटी, सायकल. आणि प्रत्येक वस्तू तिच्याकडे गेली की पाहुणे म्हणायचे, हिला काय छान दिसतंय. पूर्वी केंद्रात मला सगळे बाई म्हणत. ती ताई म्हणते म्हणून आता सगळे ताई म्हणतात. माझं नावही तिच्याकडून फिरून माझ्याकडे आलं.

एका टायरला चीर पडली तरी आम्ही चारही बदलतो. नवा टायर जाड, जुने झिजलेले; चाकांचे घेर वेगळे झाले की आतले दाते एकमेकांशी भांडत राहतात आणि काही महिन्यांत मोठा खर्च येतो. टायर निवडायचं काम भांडाराचं, म्हणजे माझं. आणि चीर कशाने पडली त्याचा दाखलाही भांडारानेच द्यायचा. त्या फॉर्मवर दोन चौकोन आहेत: रस्ता आणि चालक. 'चालक' वर खूण झाली की चालवणाऱ्याला दोन महिने डोंगरबंदी. केंद्रात डोंगरावर चालवायचा परवाना दोघींकडेच आहे. माझा मी दर वर्षी न चुकता नवा करून घेते. भांडारातल्या बाईला तो कशाला, असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

तेव्हा तो चौकोन म्हणजे माझे आठ मंगळवार होते. कंबर आता बरी आहे, असं मी स्वतःला सकाळपासून चार वेळा सांगितलं होतं.

दुपारी आम्ही दोघी टायरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आमच्या मापाचे दोन टायर ओढून पुढे ठेवले. एकाची नक्षी खोल, रबराचे ठोकळे मोठे आणि लांब लांब. चिखल दोन ठोकळ्यांमधून निसटून जावा म्हणून तसे. दुसरा दिसायला मठ्ठ. ठोकळे बुटके, जवळजवळ, पण बाजू जाड, आठ थरांची. मी वाकून पहिल्याच्या खाचेत बोट घातलं. पहिलं पेर बुडालं. सोळा वर्षं मी हाच वापरला होता.

धाकटी दुसऱ्या टायरची बाजू अंगठ्याने दाबून बघत होती. तिला तो बरा वाटत होता, असं ती हळूच म्हणाली. मी दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात तिला समजावलं, की चार नंबरच्या केबिनीआधी शंभर मीटर दलदल आहे, झऱ्याचं पाणी बारा महिने तिथे मुरतं, आणि या बुटक्या ठोकळ्यांत चिखल भरला की चाक नुसतं गरगरतं. मी त्यात तीन तास अडकून पडले होते, तेही सांगितलं. दुकानदार मान डोलवत होता. मग त्याने विचारलं, "मॅडम, तुम्हा दोघींत चालवतं कोण?"

"ही," मी म्हणाले.

त्यानंतर तो तिच्याशीच बोलू लागला. हवा किती ठेवता, ओझं किती असतं, चढ किती. ती उत्तरं देताना मधूनच माझ्याकडे पाहत होती, मला संभाषणात घेतल्यासारखं. मला त्याचाच राग आला. निवड भांडाराची असते, असं म्हणून मी खोल नक्षीचे चार बाजूला काढून ठेवायला सांगितले. टायरची बाजू दाबत होती तो अंगठा धाकटीने रुमालाला पुसला.

परत आल्यावर ती आत गेली आणि मी फॉर्म घेऊन फाटक्या टायरपाशी बसले. दाखल्यात चिरेची लांबी आणि जागा लिहावी लागते. लांबी नऊ सेंटिमीटर. जागा लिहायला मी टायर फिरवला आणि थांबले. मी मनात धरून चालले होते, की चीर बाहेरच्या बाजूला असणार. वळणावर कड्याला चाक घासलं, की चीर बाहेरून पडते, आणि तो चालकाचा दोष. टायरवर पांढऱ्या रंगात आमचा नंबर असतो तो बाहेरच्या बाजूला. चीर नंबराच्या बाजूला नव्हती. ती आतल्या, गाडीच्या पोटाकडच्या बाजूला होती. तिथे चालवणाऱ्याची नजर पोचत नाही आणि कड्याचा दगडही. तिथे फक्त खालचा सुटा दगड उलटून येऊ शकतो.

तरीही फॉर्मवर जागेसाठी नुसतं 'बाजू' लिहून चाललं असतं. आतली की बाहेरची, ते कुणी विचारत नाही. साहेब टायर पाहायला येणार नव्हते. मी पेन 'चालक' च्या चौकोनावर धरला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. चौकोनात एक ठिपका उमटला.

मग मी पेन ठेवला आणि चिरेत चिमटा घातला. हातात काय आहे ते बघितल्याशिवाय निष्कर्ष लिहायचा नाही, ही मला शिकताना लागलेली सवय आहे. तिचे माझ्यावर उपकार आहेत की नाहीत, ते मला त्या क्षणी ठरवता आलं नाही. आतून एक कपची निघाली. काळी, पातळ, पाटीच्या तुकड्यासारखी, कड पात्यासारखी. आमच्या वाटेवर माती तांबूस आणि दगड गोल. अशी कपची मी सोळा वर्षांत वर कुठेही पाहिली नव्हती.

मी धाकटीला हाक मारली आणि तळहात पुढे केला. हा दगड कुठला, म्हणून विचारलं.

"चार नंबरच्या आधीचा."

"तिथे चिखल आहे."

ती माझ्यासमोर जमिनीवर बसली. "ताई, तिथे चिखल नाही आता. दरड आली ना मागच्या वर्षी. झरा दाबला गेला. सगळी अशीच कपची आहे, चार नंबरपासून पार सहापर्यंत. गेल्या मंगळवारी तिथेच चाक बदललं मी."

तिथे उतारावर, सुट्या कपच्यांवर, एकटीने. जॅक बुडू नये म्हणून तिने काय केलं असेल ते मी मनात करून पाहिलं. आधी हौद्यातली फळी खाली टाकायची, मग चाकांना दगड लावायचे. तिला ते कुणी शिकवलं, असं मला विचारायचं होतं. मी शिकवलं नव्हतं.

"दीड वर्ष झालं आणि मला पत्ता नाही," मी म्हणाले. "मला सांगावंसं नाही वाटलं तुला?"

"सांगायला यायचे की मी. दर मंगळवारी उतरले की आधी तुझ्याकडे यायचे. मी वरचं काही काढलं, की तू आईच्या गोळ्यांचं विचारायचीस. नाहीतर गॅस संपला का म्हणून. मला वाटलं, हिला त्रास होतो. मग बंद केलं."

ते खरं होतं. मंगळवारी संध्याकाळी तिच्या बुटांना माती लागलेली असायची आणि मी तिला बूट बाहेर काढायला सांगायचे.

"आणि आज दुकानात? मी तिथे इतकं व्याख्यान दिलं. तेव्हा का नाही बोललीस?"

"त्याच्यासमोर?" ती म्हणाली.

एवढंच. मी कुणासमोर चुकीची ठरू नये म्हणून ती चुकीचे टायर घेऊन डोंगरावर जायला तयार झाली होती. असं दुसऱ्याला सांभाळून घेणं तरी मला आधी सुचायला हवं होतं. पण तेही तिलाच सुचलं, आणि त्याचाही मला हेवा वाटला. मी हे लपवत नाही, कारण तो त्यानंतरही गेलेला नाही. डोंगर माझा आहे, फक्त वर दुसरं कुणी जातं, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. माझा डोंगर तर दीड वर्षापूर्वीच गाडला गेला होता. वर होता तो तिचा.

मी 'रस्ता' वर खूण केली. चिरेची जागा: आतली बाजू. खाली एक ओळ जास्त लिहिली, की चार ते सहा नंबरच्या वाटेवर धारदार सुटे दगड असून चालकाने चाक जागेवर बदलून गाडी सुरक्षित आणली. ती ओळ लिहायची सक्ती नसते. 'चालक' च्या चौकोनातला ठिपका खोडता येईना, तो तसाच राहिला. साहेबांनी सही करताना त्याच्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही.

मग टायरवाल्याला फोन लावला. बाजूला काढलेले नकोत, आठ थरांचे द्या, म्हणून सांगितलं. तो हसून म्हणाला, की धाकट्या मॅडमनी जिंकलं वाटतं. मी म्हणाले, हो.

मंगळवारी सकाळी मिस्त्रीने चारही टायर चढवले. त्यांच्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. मी प्रत्येक चाकापाशी जाऊन तो पाहिला. हवा मोजली. मागच्या दोन्ही चाकांत थोडी जास्त होती, ती सोडायला लावली. नव्या रबराचे केसासारखे धागे उभे होते आणि दुकानात मठ्ठ वाटलेला तो टायर खेचराच्या खाली चांगला बसला होता. धाकटीने बॅटऱ्या हौद्यात बांधल्या. मग शेजारच्या जागेवरची पिशवी उचलून मागे टाकली.

"चल ना, ताई. दोन नंबरपर्यंत. तिथवर वाट बरी आहे. दरड तिथूनही दिसते."

मला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की मी पाय उचलला होता. पण दोन नंबरपर्यंत जायचं म्हणजे शेजारच्या जागेवर बसून, तिच्या हातांकडे बघत जायचं. भांडारात कुलूप उघडं आहे, असं काहीतरी मी म्हणाले. तिने आग्रह केला नाही.

मग ती बसल्यावर मी खिडकीच्या जाळीला हात लावून म्हणाले, "नवे टायर पहिले काही दिवस घसरतात. साच्याचं तेल असतं वर. ते घासून जाईपर्यंत वळणावर जपून."

डेअरीच्या दिवसांपासून तिला हे माहीत असणार. तिथे ती दुधाची गाडीही अधूनमधून चालवायची. तिने चावी फिरवता फिरवता हात थांबवला आणि मी पूर्ण बोलेपर्यंत माझ्याकडे पाहत राहिली.

"हो ताई," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलंस."

खेचर फाटकातून बाहेर पडलं. मी भांडाराकडे वळले, पण दारातच उभी राहिले. फाटकापासून पहिल्या वळणापर्यंत चढ आहे आणि वळणाच्या अलीकडे एक मैलाचा दगड आहे. तिथे मी खालचा गिअर टाकत असे. सोळा वर्षं, प्रत्येक मंगळवारी, त्याच दगडापाशी. त्याशिवाय खेचर वळणावर धापा टाकतं. गाडी झाडांमागे दिसत नव्हती, पण आवाज स्वच्छ येत होता. ती दगडापाशी पोचली असेल तेव्हा माझा डावा पाय क्लच दाबावा तसा आपोआप जमिनीवर दाबला गेला.

आवाज बदलला नाही. ती तशीच पुढे गेली, एकसारखी, वळणात शिरली, वळणातून बाहेर आली. बरीच वर गेल्यावर, जिथे मला तो कधी सुचला नसता अशा जागी, तिने गिअर बदलला.