काय-काय

नववीच्या वर्गात नवी मुलगी आली. कानात यंत्र असूनही मागच्या बाकांवरचं बोलणं तिला नीट कळायचं नाही. मग ती विचारायची, "काय?" पहिल्याच आठवड्यात गणिताच्या सरांनी तिचं नाव पाडलं, "काय-काय." वर्ग पोट धरधरून हसला. वर्गाची मॉनिटरही हसली. सर मुलांचे लाडके, विनोदाला दाद मिळाली की तोच विनोद चारदा करणारे.

त्यानंतर तिचं खरं नाव हजेरीपुरतं उरलं. मुलं तिच्यासमोर आवाज न काढता नुसते ओठ हलवायची आणि ती बिचारी यंत्र चाचपत बसायची. मॉनिटरला ते खटकायचं, पण ती वहीत डोकं घालून बसायची.

खेळाच्या तासाला ती यंत्र काढून दप्तरात ठेवायची. एकदा कुणीतरी ते उचललं. या हातातून त्या हातात जाता जाता ते खाली पडलं आणि बुटाखाली चिरडलं. मुलगी परतली, तर बाकावर तुकडे! ती रडली नाही, ते रुमालात गोळा करू लागली.

सर आले ते भडकलेच. "लाज कशी वाटत नाही? कुठून शिकता रे असली नीचपणाची कामं?"

मॉनिटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उभी राहिली. "तुमच्याकडून, सर."

"काय म्हणालीस?"

"नाव तुम्ही पाडलंत. आम्ही हसलो, तर तुम्हाला आणखी चेव आला."

सरांनी तिला मुख्याध्यापिका बाईंकडे नेलं. बाईंनी फर्मावलं, "सरांची माफी माग."

"हसले म्हणून तिची मागते. खरं बोलले म्हणून कुणाचीही नाही."

बाईंनी तिचा मॉनिटरचा बिल्ला काढून घेतला, आईला बोलावलं. आईनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "पोरगी खोटं बोलली का?" बाई फायली चाळत राहिल्या.

सरांनी माफी मागितली नाही ती नाहीच. फक्त त्या मुलीला खऱ्या नावानं हाक मारू लागले, तीही कडू औषध गिळल्यासारखी.

नवं यंत्र यायला अवकाश होता. मॉनिटरनं वहीत लिहून तिच्यापुढे धरलं, "मीही हसले होते. चुकले."

तिनं वाचलं. "माहीत आहे. दुसऱ्या बाकावरून हसलीस. मला ऐकू येत नाही, पण दिसतं."

ती हसली नाही. पण तिनं बाकावरचं दप्तर उचलून खाली ठेवलं, आणि मॉनिटर तिच्या शेजारी बसली.