नाजूक पोरी

आम्ही तिघी बिनपगारी शिक्षिकांनी अ‍ॅटलस पर्वतातल्या आमच्या डोंगरगावात धावण्याची शर्यत ठेवली. ऐन वेळी गावचा मुकद्दम पुदिन्याचा चहा भुरकत फर्मावतो कसा, "मुलगे खिंडीपर्यंत पळतील, मुली फक्त झऱ्यापर्यंत. नाजूक जात, दमतील बिचाऱ्या!"

माझं डोकंच फिरलं. "मुकद्दमसाहेब, या चहाचं पाणी झऱ्यावरून कुणी आणलं? तुमच्या गाढवानं?"

"छे हो! गाढव म्हातारं झालंय, त्याला चढ झेपत नाही. आमची इत्तो आणते की, रोज चार खेपा."

लाज? नावालाही नाही!

त्याची बारा वर्षांची मुलगी इत्तो शर्यतीच्या रेघेवर उभीच होती. तिनं हळूच मला विचारलं, "बाई, नुसतं रिकाम्या हातांनी जायचं? मग त्यात शर्यत कसली?"