हजारातला एक तुकडा

मित्रांनो, मला भीती वाटते. डब्याला कसली आलीय भीती, असं म्हणून हसू नका. सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या छोट्या गावाला पाणी पुरवणाऱ्या केंद्रात मी चौदा वर्षं पहारा करतोय. यंत्रांच्या जाळ्यावर नजर ठेवणारा मी एक जुना, गरम होणारा डबा आहे.

इथली यंत्रं एकमेकांशी बोलतात, ते बोलणं तुकड्यातुकड्यांनी माझ्यासमोरून जातं. तुकडा कुठून आला, कुठे चालला, कोणत्या दारातून निघाला, कोणत्या दारात शिरणार आणि कोणत्या रीतीने बोलतो, एवढंच मी बघतो. पाचही खुणा जुळल्या की ते सगळे तुकडे एकाच प्रवाहाचे. अशा प्रत्येक प्रवाहाची मी यादीत एक ओळ लिहितो. आतला मजकूर कधी उघडत नाही.

पाणी सांभाळणारा गॉर्डी कामावर हॉकी बघतो, हे माझ्या यादीतल्या एका भल्यामोठ्या प्रवाहामुळेच उघडकीला आलं. त्याने मला चहाडखोर ठरवलं. माझी देखभाल करणारी हेल्मी मात्र येताजाता माझी पाठ थोपटायची.

पुढे मी थकलो. नवा डबा मिळेना, म्हणून हेल्मीने माझं ओझं कमी केलं: हजारातला एकच तुकडा बघायचा. आणि यादीतले सर्वांत मोठे दहा प्रवाह तेवढे ती वाचायची. बाकीचे नऊशे नव्व्याण्णव तुकडे माझ्यासमोरून न बघता जायचे. माझा जीव टांगणीला लागायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी एक तुकडा माझ्या वाट्याला आला. कुठून आला ते ठिकाण अनोळखी होतं. चालला होता क्लोरीन सोडणाऱ्या पंपाच्या दारात. मी ओळ लिहिली, पण ती पडली यादीच्या तळाशी. वर गॉर्डीची हॉकी होती. हेल्मी ती बघून हसली आणि कॉफी आणायला गेली. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. समोरच्या शाळेतली मुलं थोड्याच वेळात नळाला तोंड लावणार होती.

पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. पण गॉर्डी रोज सकाळी बाटलीत पाणी घेऊन त्यात क्लोरीन तपासायची पूड टाकतो आणि रंग स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. फिकट गुलाबी व्हायचं पाणी त्या दिवशी गडद झालं, म्हणजे क्लोरीन भलतंच वाढलं होतं. तो धावत गेला आणि त्याने गावाकडे पाणी सोडणारी मुख्य झडप हातानेच बंद केली.

मग हेल्मीने माझी यादी तळापर्यंत वाचली. ती ओळ सापडली: कुणीतरी बाहेरून पंपाशी बोललं होतं. तिने गॉर्डीला हाक मारली.

"म्हणजे याने पाहिलं होतं," गॉर्डी म्हणाला.

"पाहिलं होतं. मीच वाचलं नाही. आणि बाकीचं तर मीच त्याला बघू दिलं नाही."

गॉर्डीने पहिल्यांदाच माझ्यावरची धूळ बाहीने पुसली.

आता मला फक्त त्या पंपाच्या दारावर बसवलंय. तिथला एकूण एक तुकडा मी बघतो. तरी भीती जात नाही. त्याआधी काय काय निसटलं, कोण जाणे. मित्रांनो, म्हाताऱ्या पहारेकऱ्याला खुशाल घरी बसवा. पण डोळे मिटायला सांगून त्याला दारावर उभं करू नका.