बंद कपाट आणि दोन बोटं माया

बायको गेल्यापासून घरी माझं बोलणं जवळजवळ बंदच आहे. बोलणार कुणाशी? त्यामुळे दिवसभर बोलायची नोकरी आहे हे एका अर्थी बरंच. आमच्या कंपनीचं इंटरनेट कुणाच्या घरी रेंगाळायला लागलं की ते फोन करतात आणि मी इथे खुर्चीत बसून ते दुरुस्त करतो. जमलं तर. कुठला फोन किती लांबला यावर साहेबांची नजर असते. पाठीमागे आम्ही त्यांना 'घड्याळ' म्हणतो.

त्या दुपारी एका बाईंचा फोन आला. आवाज करारी.

"भाऊ, माझी मुलगी अडकली आहे."

मी दचकलो. "कुठे, ताई?"

"टॅबवर. तोंड उघडं, डोळे मिटलेले. मघापासून तशीच."

हळूहळू उलगडा झाला. मुलगी दूरच्या शहरात व्हायोलिन वाजवते. तिला एका मोठ्या वाद्यवृंदात घेतलं होतं आणि पहिला कार्यक्रम त्याच संध्याकाळी होता. बाईंचं आयुष्य शिवणकामात गेलेलं. त्यांनी लेकीसाठी काळा झगा शिवून पाठवला होता. मुलीने तो अंगात घातला तर उजवा हात वर जाईना. हात गेला नाही तर व्हायोलिन वाजवणार कसं? नेमकं कुठे ओढतंय ते बाईंना डोळ्यांनी बघायचं होतं आणि चित्र हलायला तयार नव्हतं.

"म्हणते, आई राहू दे, मी भाड्याचा आणते. पहिल्याच दिवशी भाड्याच्या कपड्यात उभी राहणार. मग मी काय झोपा काढत होते का इतकी वर्षं?"

माझ्यासमोरच्या पडद्यावर त्यांच्या घरापर्यंतची लाइन ठणठणीत दिसत होती. घराच्या आतलं मला दिसत नाही. ते माणसालाच विचारावं लागतं.

"ताई, आमचा डबा आहे ना, राउटर, तो एकदा बंद करून चालू करा."

"बंदच आहे."

"बंद असता तर मुलगी दिसलीच नसती."

"दिसतेय कुठे धड?"

"बरं, दिवे लागलेत का?"

"भर दुपारी?"

"घरातले नाहीत हो. डब्यावरचे."

"ते बघायचं तर उघडावं लागेल."

"काय उघडावं लागेल?"

"कपाट."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. "डबा कपाटात आहे?"

"लोखंडी कपाटात. मागे तुमच्याच एकाने सांगितलं होतं, रात्री बंद ठेवत जा. मी म्हटलं रात्रीच कशाला, दिवसाही ठेवू. धूळ बसत नाही."

आमचा माणूस काही चुकीचं बोलला नव्हता. बाईंनीही सांगितलं तेच केलं होतं. मला हसू फुटत होतं, पण हसलो असतो तर त्यांनी माझी चामडी लोळवली असती.

"दार सताड उघडा, ताई. डबा बाहेर काढून टेबलावर ठेवा. वायर पुरते का बघा."

खडखड झाली, काहीतरी खाली पडलं, बाई कुणाला तरी "मेल्या" म्हणाल्या. बहुतेक वायरीलाच.

मग त्या म्हणाल्या, "हलली. अगं बाई, जांभई देत होती होय?"

मी फोन ठेवायला निघालो. "ठेवू नका, भाऊ. परत अडकली तर मी कुणाला शोधत बसू?"

घड्याळ माझ्याकडे बघत होतं. मी पाठ फिरवली.

पलीकडे आता वेगळीच दुरुस्ती सुरू झाली होती. "वळ. हात वर कर. थांब तिथेच. बगलेत धरतंय. आत चाचप, दोन बोटं माया ठेवलीय. दोन टिपा लागतील हाताला. अंगाकडची उसव, काठाकडची राहू दे. कात्री जपून, पोरी."

"माया म्हणजे, ताई?" मुलगी उसवत होती तेवढ्यात मी विचारलं.

"शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ते. माणसाचं अंग काय तेवढंच राहतं का? लागेल तेव्हा सैल करता येतं. तुमच्या घरी कुणी शिवत नाही वाटतं?"

"बायको होती. ती गेली. पण तिचं आणि सुईचं कधी पटलं नाही. दोघांचीही बटणं मीच लावायचो."

बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमचं अडत नाही."

"बटणांचं अडत नाही," मी म्हणालो.

त्या लगेच लेकीकडे वळल्या, "झालं उसवून? आता हात वर कर." मला ते बरं वाटलं.

"आई, गेला," मुलगी तिकडून म्हणाली. "अगदी कानाच्या वर गेला."

"नुसता वर करून काय उपयोग? वाजवून दाखव."

तिने वाजवायला घेतलं. टॅबमधून त्या खोलीत आणि तिथून फोनवरून माझ्या कानात, असं ते व्हायोलिन किटलीच्या शिट्टीसारखं येत होतं. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण कुठे अडत नव्हतं एवढं कळलं.

"आता ठेवा, भाऊ," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "किती खोळंबा केला मी तुमचा."

"थांबा, ताई," मी म्हणालो. "तिचं होऊ दे."