कळसची उन्हाची भट्टी

मित्रांनो, भट्टी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जाळ येतो, धूर येतो. माझ्यात यातलं काहीच नाही. इतकी वर्षं झाली, पण आजवर माझ्या पोटात एक काडीही पेटलेली नाही. मी ओलं लाकूड वाळवते, आणि तेही फक्त उन्हावर. इंदापूर तालुक्यातल्या कळस गावात, बिरदेव मिस्त्रीच्या घरामागे, दक्षिणेकडे तोंड करून मी उभी आहे. लांबून बघणाऱ्याला मी उतरत्या छपराची एक खोलीच वाटते.

माझा जन्म एका परत आलेल्या दारामुळे झाला. ती हकिगत मी नंतर बिरदेवची बायको बानूबाई हिच्या तोंडून ऐकली.

बिरदेवच्या घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं होती, लहानपणी तोही त्यांच्यामागे हिंडला होता. चरायची रानं कमी झाली, तशी त्याच्या वडिलांनी मेंढरं विकली आणि शेती धरली. बिरदेव वालचंदनगरला एका फर्निचरच्या दुकानात चार वर्षं राबला, सुतारकाम शिकला आणि गावी परतला. त्याचा हात चांगला होता. तरी गावात काही जण म्हणायचेच, "मेंढरामागच्या माणसाला रंधा कुठला जमायचा." तो हसून सोडून द्यायचा.

१९९३ साली सांगवीच्या कौसल्यावैनींनी नवं घर बांधलं. उसाचं मोठं खटलं, घरात वीस माणसं. पुढच्या दाराचं काम त्यांनी बिरदेवला दिलं. वास्तुशांतीची तारीख जवळ आली होती. बिरदेवने कालव्याकडेचा कडुलिंब घेतला, सॉ मिलमध्ये फळ्या पाडून आणल्या आणि महिन्याभरात दार उभं केलं. वर वेलबुट्टी कोरली. पाहुण्यारावळ्यांनी त्या दारावरून हात फिरवून बघितला.

उन्हाळ्यात दाराच्या फळ्या आवळल्या, मधून बोट जाईल एवढ्या फटी पडल्या. पावसाळ्यात तेच दार फुगलं, पिळवटलं आणि चौकटीत रुतून बसलं. एका दुपारी घरातली सगळी माणसं उसात गेली होती आणि वैनींच्या म्हाताऱ्या सासूबाई एकट्याच आत होत्या. दार काही केल्या उघडेना. त्या दिवेलागणीपर्यंत हाका मारत राहिल्या. शेवटी पहार घालून दार उचकटावं लागलं. सासूबाईंना इजा झाली नाही, पण धास्तीने त्या आठ दिवस तापाने पडून होत्या.

त्या बऱ्या झाल्यावर एक ट्रॅक्टर कळसला आला. ट्रॉलीतून दार उतरवून दोघांनी ते बिरदेवच्या अंगणात ठेवलं. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "वैनींनी सांगितलंय, तुमचं तुमाला." सगळी आळी बघत होती. त्यानंतर बिरदेवकडे कुणी साधा पाट करायलाही आलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी मानसिंगतात्या आपणहून ते दार बघायला आले. तात्या कळसचेच. वालचंदनगरच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं लाकडी साचे बनवले होते. त्या साच्याचा वाळूत ठसा घेतात आणि ठशात लोखंड ओततात. साचा सूतभर जरी आवळला, तरी लोखंडी भाग चुकतो. त्यामुळे लाकडाचा स्वभाव तात्यांइतका कुणाला ठाऊक नव्हता. त्यांनी दाराभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"झाड कधी तोडलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"पुसात," बिरदेव म्हणाला.

"आन दार कधी बसवलं?"

"माघात."

तात्यांनी दोन फळ्यांमधल्या फटीतून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तुझ्या हाताची चूक न्हाय बिरदेव. तू बसवलं ते दार नव्हतंच. ते अजून झाडच हुतं."

लाकूड पुरतं वाळेपर्यंत एकेक वर्ष थांबणं लहान मिस्त्रीला परवडत नाही, हे तात्यांना माहीत होतं. म्हणून दोघांनी मिळून मला बांधायचं ठरवलं. १९९४ च्या जानेवारीत माझा पाया भरला.

माझा खालचा ओटा विटांचा आहे. माझ्या भिंतींना आतबाहेर फळकुटं आहेत आणि मधल्या पोकळीत उसाचं पाचट ठासून भरलं आहे, म्हणजे आतली ऊब बाहेर जात नाही. फुलांच्या हरितगृहाचं जुनं प्लॅस्टिक बारामतीकडच्या एका शेतकऱ्याने दिलं. त्याचं माझं छप्पर झालं. त्याखाली पत्रे बसवले आणि उन्हाने ते चांगले तापावेत म्हणून बानूबाईने ते तव्याची काजळी आणि जवसाचं तेल खलून काळेकुट्ट केले. हात आठ दिवस काळे होते तिचे. गरम हवा फळ्यांमधून फिरवायला भंगारातला एक पंखा आणून तात्यांनी दुरुस्त केला. खाली दोन आणि वर दोन झरोके ठेवले, लाकडातला ओलावा बाहेर पडावा म्हणून.

राहिलं माझं दार. बिरदेव नव्या फळ्या मोजत होता, तेव्हा तात्यांनी अंगणातल्या त्या परत आलेल्या दाराकडे बोट केलं. "त्याच्या फळ्या सोडीव आन हिला लाव. आता वाळलंय ते. आता हलायचं न्हाय."

बिरदेवला ते जड गेलं. पण त्याने फळ्या सोडवल्या, पुन्हा रंधल्या आणि माझ्या चौकटीत बसवल्या. तेव्हापासून ते दार एकदाही अडलेलं नाही.

मित्रांनो, आता मला माझी चूक सांगायची आहे. होळी झाली आणि ऊन चढलं. माझ्या पोटात कडुलिंबाच्या ओल्या फळ्यांची पहिली रास लागली. दोन फळ्यांमध्ये वारा खेळावा म्हणून आडव्या पट्ट्या ठेवल्या होत्या. तात्या लेकीकडे गेले होते, ते येईपर्यंत बिरदेवला दम निघेना. त्याने चारही झरोके सताड उघडले आणि दिवसभर पंखा चालू ठेवला. मलाही चेव आला. जितकी जास्त तापेन तितकं माझं कौतुक होईल, असं मला वाटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी फळ्यांतून टाक टाक आवाज येऊ लागले. बिरदेवने दार उघडलं, तेव्हा एकूण एक फळी टोकापासून फाटली होती.

त्याने खाली बसून फाटलेली एकेक फळी चाचपली. मग उठला आणि पहार घेऊन आला. मला पाडायलाच निघाला होता तो.

बानूबाई शांतपणे माझ्या दारात येऊन उभी राहिली. "भट्टीचं काय चुकलं? सांगितलं तेवढं तिनं केलं."

"लोकं म्हणतात ते खरं हाय," बिरदेव म्हणाला. "आपलं काम मेंढरामागं जायचं. ह्ये आपलं न्हवं."

"व्हय का? मंग मेंढरामागं जाऊन काय शिकला तेवढं सांगा. उन्हातनं चालून आलेल्या मेंढराला तुमी एकदम पोटभर पाणी पाजता?"

"एकदम पाजलं तर मरंल की ते. आधी थोडं पाजायचं, मंग थांबायचं..."

बोलता बोलता बिरदेव थांबला. त्याने माझ्या झरोक्यांकडे बघितलं. पहार खाली ठेवली.

तात्या आल्यावर त्यांनीही तेच सांगितलं, फक्त त्यांच्या भाषेत. वरचं कातडं झटकन वाळून आवळलं आणि आतलं लाकूड ओलंच राहिलं, तर फळी फाटणारच. आता टोकांकडून ओलावा झटकन उडू नये म्हणून बिरदेवने फळ्यांच्या टोकांना रंग फासला. पहिले दहा दिवस झरोके बोटभरच उघडे ठेवले आणि निम्म्या छपरावर गोणपाट टाकलं. मग हळूहळू गोणपाट काढलं, झरोके उघडले. रात्री मी निवायची, तेव्हा आतल्या दमटपणात लाकूड सैल होऊन विसावा घ्यायचं. एक नमुन्याची फळी बानूबाई रोज बाहेर काढून ताणकाट्याला टांगायची. वजन रोज थोडं उतरायचं. भिंतीवर कोळशाने रेघा ओढून ती त्याची खूण ठेवायची. सदतिसाव्या दिवशी वजन उतरायचं थांबलं, आणि पुढचे तीन दिवस तेवढंच राहिलं. तात्यांनी एक फळी बोटाने वाजवून बघितली. तिचा आवाज खणखणीत आला.

त्या लाकडातून बिरदेवने सांगवीच्या घराचं दार पुन्हा बनवलं. कुणी सांगितलं नव्हतं. टेम्पोत घालून तो ते घेऊन गेला. परतल्यावर त्याने माझ्याच ओट्यावर बसून बानूबाईला सगळं सांगितलं, म्हणून मला ते ठाऊक आहे.

कौसल्यावैनी पायरीवरच उभ्या होत्या. त्यांच्या घराला तोवर लोखंडी दार बसलं होतं. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, माझी सासू अजून कडी लावून झोपत न्हाय. तुमचं दार मी घराला कसं लावू?"

"घराला लावू नका वैनी. कुठंबी लावा. पर लावा."

वैनींनी विचार केला. "गोठ्याला लावते. तितं ऊनबी तेवढंच आन पाऊसबी तेवढाच. एक उन्हाळा आन एक पावसाळा बघते. मंग बोलू."

बिरदेव स्वतःच्या हाताने ते कोरीव दार म्हशींच्या गोठ्याला बसवून आला.

मग आली वाट बघण्याची पाळी. काम नव्हतं, म्हणून बिरदेव रोज सायकलने वालचंदनगरला दुसऱ्याच्या दुकानात जाऊ लागला. मी रिकामी पडले. छपरावर धूळ साचली, पंख्यात चिमणीने घर केलं. एक कोंबडी माझ्या कोपऱ्यात अंडी घालायची. बानूबाईने माझ्यात मिरच्या वाळवल्या, कुरडया वाळवल्या. खरं सांगू, मला त्याचा राग आला नाही. रिकामं राहण्यापेक्षा कुरडया बऱ्या. पुढे वालचंदनगरच्या कॉलनीतल्या एका बाईंनी बिरदेवकडून छोटं कपाट करून घेतलं. त्याच्या चार फळ्या मिरच्यांच्या शेजारी वाळल्या होत्या. कपाट उघडलं की त्या बाई शिंकायच्या. महिन्याभराने वास गेला म्हणे, पण तात्या मात्र आठवण काढून हसत राहिले.

१९९५ ची दिवाळी झाली. एका सकाळी अंगणात ट्रॅक्टर आला. तोच ट्रॅक्टर आणि तोच ड्रायव्हर. मागच्या ट्रॉलीत ताडपत्री टाकलेली होती. बानूबाईच्या हातातली परात तशीच राहिली. बिरदेव सायकल काढत होता, तो जागेवरच थांबला. आळीतले लोक पुन्हा बाहेर आले.

या वेळी कौसल्यावैनी स्वतः आल्या होत्या. त्यांनी ताडपत्री काढायला सांगितली. आत दार नव्हतं. जांभळाचे मोठे ओंडके होते.

"वादळात शेतातली जांभूळ पडली," वैनी म्हणाल्या. "सासऱ्यांच्या हातची हुती. हिच्या खिडक्या करा आन देवघराची चौकट."

बिरदेवने विचारलं, "आन गोठ्याचं दार, वैनी?"

"ते गोठ्याला न्हाय आता. परवा घराला बसवलं. सासूबाईंनीच सांगितलं. म्हशींपायी तेवढं चांगलं दार कशाला, म्हणाल्या. आता रातच्याला कडी त्याच लावत्यात." एवढं बोलून वैनी माझ्याकडे वळल्या, आत वाकून बघितलं. "हीच का ती? किती दिवस लागतील?"

"ओंडके चिरून घ्यायचं. जांभळीला सबुरी लागती. दोन महिनं तरी."

"लागू द्यात की."

त्या दिवशी सायकल घरातच राहिली. बिरदेवने पंख्यातलं चिमणीचं रिकामं घरटं हलक्या हाताने काढून आढ्यावर ठेवलं, छप्पर धुतलं आणि माझे झरोके साफ केले. तेव्हापासून मी फार दिवस रिकामी राहिलेली नाही. चौकटी, पाळणे, पेट्या, देव्हारे, कितीतरी वस्तूंचं लाकूड माझ्या पोटातून गेलं. आसपासच्या गावांतून मिस्त्री येतात, माझी मापं घेतात. बिरदेव त्यांना आधी फाटलेल्या फळ्यांची गोष्ट सांगतो, मग मापं देतो.

आता १९९९ साल चालू आहे. माझं प्लॅस्टिक दोनदा बदललं. मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखी कुणी असेल, तर तिच्या छपरावर दगड भिरकावू नका, आणि आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने ते पुसा. आम्हाला सरपण लागत नाही, वंगणही थोडंच लागतं. पण धुळीने छप्पर आंधळं झालं, की समोर एवढं ऊन असूनही आम्हाला ते दिसत नाही. आणि लाकूड असो की काही नवं शिकणं असो, ज्याला जेवढा वेळ लागतो तेवढा त्याला द्या.

सध्या माझ्यात शाळेच्या बाकांच्या फळ्या आहेत. शाळा सोमवारी उघडणार, म्हणून आज सकाळी गुरुजी घाईने आले. तात्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी वरच्या झरोक्याला गाल लावला आणि बाहेर येणारी हवा अजमावली.

"अजून चार दिवस," ते म्हणाले.

गुरुजी बिरदेवकडे बघू लागले. "मिस्त्री, काही करता येणार नाही का? पोरं खाली बसतील हो."

"बसू द्यात गुरुजी," बिरदेव म्हणाला. "चार दिवस खाली बसू द्यात. मंग त्यांची पोरंबी ह्याच बाकावर बसतील."

गुरुजी हसले आणि पायऱ्या उतरून गेले. बिरदेवने माझं दार हळूच लावून घेतलं. बाहेर ऊन चांगलं पडलं आहे, आणि मला कसलीच घाई नाही.