गळ्यात अजगर

धाकट्या दिराने सरपटणाऱ्या प्राण्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणीच चकित झालं नाही. याआधी त्याने पोपटांना बोलायला शिकवण्याचे वर्ग काढले होते. पोपट फक्त शिव्या शिकले. पण हार मानेल तो दीर कसला! शिवाय थोरली वहिनी प्राण्यांची डॉक्टर, हे त्याच्या पथ्यावरच पडलं.

"वहिनी, तुम्ही पांढरा कोट घालून दारापाशी बसा. कुणी काही विचारलं तर मान डोलवा."

"प्राणी तपासायचे नाहीत?"

"तपासा की! पण चेहरा हसरा ठेवून."

डॉक्टरीणबाई हॉलमध्ये शिरल्या आणि चेहरा हसरा राहिला नाही. टेबलांवर विक्रेत्यांनी आणलेले, जेवणाच्या डब्याएवढे प्लास्टिकचे डबे एकावर एक रचलेले, आणि प्रत्येकात वेटोळं करून बसलेला साप. टेबलांखाली स्पीकर धडधडत होते, त्यामुळे डबेसुद्धा थरथरत होते.

"भाऊजी, यांना अंग ताणायलाही जागा नाही."

"सापांना अडचणच आवडते, वहिनी. बिळात कुठे दिवाणखाना असतो?"

"बिळातून बाहेर पडता येतं."

दिराने हे ऐकलंच नाही. तो माइकवरून ओरडत होता, "बघा, आमचा इग्वाना कसा हसतोय!" झगझगीत दिव्याखाली तो हिरवा परदेशी सरडा तोंड वासून बसला होता. डॉक्टरीणबाईंनी दिवाच बंद केला.

"हसत नाहीये तो. तापलाय, म्हणून धापा टाकतोय."

इग्वानाचे फोटो काढणाऱ्या लोकांनी ओशाळून मोबाइल खाली केले.

खरी मजा कोपऱ्यात होती. तिथे अजगर गळ्यात घालून फोटो काढून मिळत होता आणि रांग सांभाळायला सासूबाईंना बसवलं होतं. पाल दिसली तरी खुर्चीवर चढणाऱ्या बाई, पण धाकट्याच्या हट्टापुढे त्यांचं काय चालणार? अजगराच्या तोंडाला चिकटपट्टी लावली होती. डॉक्टरीणबाईंनी तेलाचं बोट फिरवत ती हलकेच सोडवली. सासूबाई दोन पावलं मागे सरकल्या, पण मुलाकडे वळून म्हणाल्या, "पट्टी त्याच्या तोंडाला आणि माइक तुझ्या हातात? काहीतरी उलटं झालंय बघ."

"आता याला विश्रांती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"फक्त पाहुण्यांचा एक फोटो! त्यांनीच खर्च उचललाय," असं म्हणत दिराने अजगर उचलला.

प्रमुख पाहुणे गाद्यांच्या कारखान्याचे मालक होते. 'सुखाने पसरा' ही त्यांची जाहिरात डब्यांच्या वरच झळकत होती. दिराने अजगर त्यांच्या गळ्यात घातला. पाहुण्यांनी छाती फुगवली, फोटोवाला म्हणाला, "हसा!" आणि सकाळपासून या गळ्यातून त्या गळ्यात गेलेल्या अजगराने पाहुण्यांच्या नव्या कोटाच्या खिशात पोट रिकामं केलं.

वास आधी पसरला, किंकाळी नंतर.

डॉक्टरीणबाईंनी अजगराला दोन्ही हातांनी आधार देत उतरवून घेतलं.

"आजारी आहे का हा?" पाहुण्यांनी नाक दाबून विचारलं.

"घाबरलाय. सकाळपासून जो येतो तो याला गळ्यात घालतो. तुम्हाला असं कुणी गळ्यात घातलं असतं, तर तुमचीही हीच गत झाली असती."

रांग खो खो हसली. पाहुण्यांना प्राण्यांची दया वगैरे काही आली नाही. त्यांना कोटाचंच दुःख झालं, आणि त्यांनी जाहिरात तिथल्या तिथे उतरवायला लावली. फोटोचा कोपरा बंद झाला, स्पीकरही बंद झाले. काही विक्रेते बडबडत डबे उचलून चालते झाले. ते डबे जाताना बघून डॉक्टरीणबाईंना वाईट वाटलं. त्या सापांचं पुढे काय झालं, ते कळायला मार्ग नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी अजगराला मागच्या शांत खोलीत नेलं. तिथे दीर तोंड पाडून आला. "अब्रू गेली माझी, वहिनी."

"अब्रू धुऊन निघेल, भाऊजी. कोटाचं काही सांगता येत नाही."

त्याला नको असतानाही हसू फुटलं. मग अजगराकडे बघून त्याने हळूच विचारलं, "खरंच घाबरला होता?"

"हात लावून बघा. अजून अंग आवळून बसलाय."

त्याने हात लावला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

अजगर त्याच्याच घरी राहिला, कपाटाएवढ्या काचेच्या पेटीत. पहिले काही आठवडे तो काही खाईना. दीर रोज वहिनीला फोन करून भंडावून सोडायचा. सासूबाई त्या खोलीत पाऊल टाकत नसत, पण दाराबाहेरून विचारत, "जेवला का रे तो?" अखेर एका सकाळी त्याने उंदीर गिळला. दिराने सगळ्या नातेवाइकांना फोन करून "आज पहिल्यांदा जेवला!" अशी बातमी दिली, आणि चुलतकाकांनी अभिनंदन करून विचारलं, "मुलगा की मुलगी?"