परत न करायचा डबा

आमच्याकडे पाहुण्याला निघायचं असलं की तो दोन्ही हातांनी आपल्या गुडघ्यांवर थाप मारतो आणि म्हणतो, “चला तर मग.” थाप पाहुण्यानेच मारायची. घरधन्याने मारली तर पाहुण्याला हाकलून दिल्यासारखं होतं, म्हणून तसं कुणी करत नाही. मिनेसोटात एकतीस वर्षं संसार केल्यावर मला एवढं कळलंय की थाप म्हणजे निघणं नव्हे. थापेनंतर टेबलापाशी उभं राहून बोलायचं, मग स्वयंपाकघरात, मग बूट-कोट चढवून दारात, मग गाडीची काच खाली करून. मी शिकागोची. आमच्या घरी लोक “येतो” म्हणायचे आणि खरंच जायचे.

त्या रविवारी सासूबाईंकडे माझ्या नवऱ्याने, लॉवेलने, पावणेतीनला थाप मारली. जे सांगायला आलो होतो त्यातलं अक्षरही तोवर त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

गोष्ट साधी होती. आम्ही गावातलं घर विकायला काढलं होतं आणि एप्रिलमध्ये अॅरिझोनाला, आमच्या लेकीजवळ, कर्स्टनजवळ, राहायला जाणार होतो. सोमवारी सकाळी घरापुढे विक्रीची पाटी लागणार होती. जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून दलाल ती बर्फाच्या ढिगातच रोवणार होता. बाराशे वस्तीचं गाव. पाटी लागली की दुपारच्या कॉफीपर्यंत सगळ्यांना खबर. एकोणनव्वद वर्षांच्या आईला आपला मुलगा चालला हे परक्याकडून कळू नये, एवढीच माझी इच्छा होती. लॉवेल थँक्सगिव्हिंगला सांगणार होता, पण टर्की कोरडी झाली म्हणून आईचं मन लागत नव्हतं. नाताळात सांगणार होता, पण तेव्हा नाताळ होता.

जायचा हट्ट माझाच, हे कबूल करते. गेल्या फेब्रुवारीत मी दारातल्या बर्फावरून घसरले आणि मनगट मोडून चाळीस मिनिटं तशीच पडून राहिले. लॉवेल घराच्या मागच्या बाजूला यंत्राने बर्फ हटवत होता, त्या आवाजात त्याला माझी हाक ऐकू गेली नाही. तेव्हापासून नोव्हेंबर लागला की माझ्या जिवाची घालमेल सुरू होते. सकाळी उठून तो तापमान बघतो, मी खिडकी बघते. इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर लावलेली ट्रकची वायर तो काढतो, मी दारात मीठ टाकते. संध्याकाळी पुन्हा तेच, उलट्या क्रमाने. सहा महिने घरातल्या घरात मी येरझाऱ्या घालते आणि तो म्हणतो, “बस ना जरा.”

जाताना ट्रकमध्ये मी विचारलं होतं, “आज नक्की?”

“नक्की. जेवण झालं की.”

“कॉफीच्या आधी का नंतर?”

“मार्लिस, मला माझ्या आईशी बोलता येतं.”

“येतं की. हवेबद्दल.”

जेवायला रस्त्यापलीकडे राहणारी नणंद अर्डिस आणि तिचा नवरा व्हर्लिन होते. व्हर्लिनचा ट्रक सकाळी सुरूच झाला नव्हता, त्यावर अर्धा तास गेला. भाजलेलं मांस, बटाटे, जेलीतलं किसलेलं गाजर. मग ताटात खजुराच्या वडीचा एकच तुकडा उरला. शेवटचा तुकडा उचलायचा नाही, हा इथला अलिखित कायदा. अर्डिसने त्याचा अर्धा कापून घेतला, व्हर्लिनने अर्ध्याचा अर्धा. उरलेल्या बोटभर वडीकडे सगळे बघत बसले. मी टेबलाखालून लॉवेलच्या पायावर पाय दिला.

“आई,” तो म्हणाला.

“काय रे?”

“मांस छान झालंय.”

“जरा वातड झालंय,” सासूबाई म्हणाल्या.

मला ती वडी उचलून त्याच्या तोंडात कोंबावीशी वाटली.

अर्डिस आणि व्हर्लिन घरी गेले. थाप झाली. टेबलापाशी उभं राहून पुढच्या वादळावर बोलणं झालं. स्वयंपाकघरात लॉवेलने नळाची गळती तपासली आणि वायसर बदलायला हवा म्हणाला. “एप्रिलमध्ये बघतो,” असंही म्हणाला! एप्रिलमध्ये! मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो नळाशीच बोलायला लागला.

सासूबाई तोवर डबा भरत होत्या. आइस्क्रीमचे रिकामे झालेले मोठे प्लॅस्टिकचे डबे त्यांनी जन्मभर जपलेत. प्रत्येकाच्या झाकणावर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर त्यांचं नाव, आर्व्हिला. दर रविवारी एक डबा आमच्याबरोबर येतो, पुढच्या रविवारी परत जातो. तोही रिकामा न्यायचा नाही, काहीतरी घालून न्यायचा. त्या दिवशी मी ओटची बिस्किटं घालून नेला होता. एकदा डबा विसरले तर बुधवारी त्यांचा फोन आला होता.

दारात बूट चढवले, कोट घातला, टोपी घातली. घामाने माझी पाठ भिजली. लॉवेल बाहेर जाऊन ट्रक सुरू करून आला आणि पुन्हा दारात उभा राहिला.

“रस्ता कसा असेल?” सासूबाई म्हणाल्या.

“बरा असेल.”

“हरणं बघा हं.”

“बघतो.”

“सांग ना रे,” मी दात आवळून म्हणाले.

“काय सांग?” सासूबाईंनी विचारलं. कान तीक्ष्ण आहेत त्यांचे.

लॉवेलने हातमोजा काढला, पुन्हा घातला. “हेच की... उणे बावीस होणार आहे आज. हीटर वाढवून ठेव.”

त्यांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग डबा माझ्या हातात दिला. “सरळ धर, रस्सा आहे.”

“पुढच्या रविवारी आणते डबा, आई.”

एरवी त्या म्हणतात, “विसरू नकोस.” त्या दिवशी म्हणाल्या, “बघू.”

आम्ही निघालो. अंगण संपून रस्ता लागतो तिथल्या पत्रपेटीपर्यंत मी तोंड बंद ठेवलं, कारण उघडलं असतं तर एकतीस वर्षांचं बाहेर पडलं असतं. डबा मांडीवर गरम लागत होता. सरळ धरावा म्हणून खाली पाहिलं, तर झाकणावरची जुनी पट्टी खरवडून काढलेली होती. डिंकाचा डाग तेवढा उरला होता. त्याच्यावर नवी पट्टी आणि त्यांचं कापरं अक्षर: लॉवेल आणि मार्लिस. खाली बारीक: परत नको.

“थांब,” मी म्हणाले.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. “तिला माहितीये.”

“गुरुवारी दलाल फोटो काढून गेला. त्याची आई चर्चमध्ये कुणाच्या शेजारी बसते?”

“मग बोलली का नाही ती?”

“वाट बघत होत्या तुझी. तू बसलायस ताकाला जाऊन भांडं लपवत.”

त्याने ट्रक मागे घेत घेत थेट पायऱ्यांपाशी नेला. “पाच मिनिटं,” म्हणाला आणि इंजिन चालू ठेवून उतरला.

चार वाजले होते आणि अंधारून येत होतं. स्वयंपाकघराचा दिवा लागला होता, पडदा उघडाच होता. सासूबाई खुर्चीवर, तो समोर उभा, टोपी हातात. त्याचे ओठ हलताना दिसत होते. थांबत होता, पुन्हा बोलत होता. हवेबद्दल माणूस असं बोलत नाही. सासूबाईंनी एकदा मान हलवली. एकदा खिडकीतून माझ्याकडे पाहिलं आणि मला मान खाली घालावीशी वाटली. जायचं माझ्यामुळे होतं, हे त्यांना सांगावं लागलं नसणार.

मग त्यांनी दोन्ही हात आपल्या गुडघ्यांवर ठेवले आणि थाप मारली.

आपल्या घरात, आपल्याच खुर्चीत बसून. एकोणनव्वद वर्षांत त्यांनी कुणाला अशी वाट दाखवली नसेल. आवाज मला ऐकू आला नाही, पण शब्द कळले. चला तर मग. जा.

लॉवेल हलला नाही. टोपी टेबलावर ठेवून त्याने खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसला. त्याचे खांदे हलायला लागले. त्यांनी हात पुढे करून उरलेल्या वडीची ताटली त्याच्याकडे सरकवली.

त्या दारातून लवकर निघायचं म्हणून मी एकतीस वर्षं चडफडत आले होते. आता ट्रक सुरू होता, गरम होता, तोंड रस्त्याकडे होतं. उणे बावीसमध्ये बंद केला तर पुन्हा सुरू होईल की नाही याचा भरवसा नव्हता. मी किल्ली फिरवून तो बंद केला. डबा काखेत घेतला, एकदा मोडलेल्या मनगटाच्या हाताने कठडा धरला आणि हळूहळू पायऱ्या चढायला लागले.